भाड्याची चूल

मुदतीच्या तापातून उठल्यापासून कौशल्याबाईंच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. दोन महिने नुसती पेज आणि मोसंबीचा रस. "भात पोटात गेला नाही तर माझी औषधं काही करणार नाहीत," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि हवापालट सुचवला. म्हणून १९८१ च्या डिसेंबरात आंधळगावचे कोसा रेशमाचे व्यापारी वासुदेवराव बायकोला घेऊन आंबागडला आले.

किल्ल्याच्या पायथ्याशी, तळ्याकाठी कुठल्याशा सोसायटीने तीन कॉटेजेस उभारली होती. 'ऐतिहासिक गाव, समुद्रकाठासारखी हवा, आपला स्वयंपाक आपल्या हाताने' असं पत्रकही छापलं होतं. समुद्रकाठ! तळ्यात गुडघाभर गाळ, दाराला धड कडी नाही आणि स्वयंपाकघर म्हणजे मातीची एक चूल. पत्रक छापणाऱ्यांपैकी एकानेही इथे मुक्काम केला असेल, तर वासुदेवराव मिशी उतरवायला तयार होते.

पण दुपारी त्यांनी स्वतः भात टाकला आणि कौशल्याबाईंनी चक्क चार घास खाल्ले. वासुदेवराव सोसायटीचे सगळे गुन्हे माफ करायला निघाले होते.

संध्याकाळी मात्र तांदूळ शिजेचना. पाणी खदखदत होतं, जाळ पातेल्याच्या काठापर्यंत चढत होता, आणि दाणा दाताखाली कच्चाच. तासाभराने ते पाणी फेकून त्यांनी नवे तांदूळ टाकले. तेच.

"सेवकराम! कुठला सडका तांदूळ ठेवला रे इथं?" ते राखणदारावर ओरडले.

"तांदूळ तुमचाच हाय शेठजी. पिशवी तुमीच आनली."

हे खरं होतं, म्हणून वासुदेवराव आणखीच भडकले. तेवढ्यात वाऱ्याबरोबर वास आला. शिजलेल्या भाताचा, ऊन ऊन. तिसऱ्या कॉटेजच्या कौलांतून धूर निघत होता.

"तिथं कोन उतरलं?"

"कोनी नाही. कुलूप हाय."

"मंग धूर कायचा?"

सेवकरामने तिकडे पाहिलंच नाही. खाटेकडे वळून त्याने हळूच विचारलं, "बाई... तुमी चुलीतला इस्तो कोनाले देल्ला का?"

"देल्ला," कौशल्याबाई उठून बसत म्हणाल्या. "दिवा लावल्यावर एक बाई आली, हे पान्याले गेल्ते तवा. खापरीत निखारा घेऊन गेली."

"दिवेलागणीनंतर?" वासुदेवराव थक्क झाले. त्यांच्या घरचा विस्तव त्या वेळेनंतर कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. सुनांना ही शिस्त कौशल्याबाईंनीच लावली होती.

"घरी कधी देल्ला का मी? पन हे काय आपलं घर हाय? भाड्याच्या चुलीले कायचं सोवळं?"

"जिथं शिजवून खाल्लं, ते घरच झालं बाई..." सेवकराम पुटपुटला.

वासुदेवरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा बदमाश चोरून तिसरं कॉटेज भाड्याने देत असणार, आणि बोभाटा होऊ नये म्हणून भुताखेताचं सोंग! त्यांनी सेवकरामची बायको धुरपता हिला कौशल्याबाईंपाशी बसवलं, कंदील उचलला आणि सेवकरामला चाव्यांसकट पुढे घातलं.

कुलूप गंजलेलं होतं. किल्ली तीन वेळा फिरवावी लागली.

आत बोटभर धूळ, आणि धुळीत एकही पाऊल नाही. मधोमध चूल धडधडत होती. समोर पळसाच्या दोन पत्रावळी मांडलेल्या. एकीवर ऊन भाताचा ढीग. दुसरीवरचं जेवण संपलं होतं. बोटांनी पुसलेलं वरण अजून ओलं होतं.

दुसरं दार नव्हतं. भांडायच्या तयारीने आलेल्या वासुदेवरावांना भांडायला कोणी सापडेना. सेवकराम तर उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभा होता. ते उंबऱ्यातूनच मागे फिरले.

"बाई कुठं गेल्ती?" त्यांनी येता येताच धुरपताला विचारलं.

"कुठं जाईल जी? खाटेवरून हालल्या नाही. मी इथंच बसली हावो."

कौशल्याबाईंच्या गालांवर दोन महिन्यांनी रंग चढला होता. उजवा हात धुतल्यासारखा ओला होता. हनुवटीला भाताचं एक शीत चिकटलं होतं.

"पोटभर जेवली मी," त्या म्हणाल्या.

हेच शब्द ऐकायला वासुदेवराव दोन महिने तरसले होते. आता मात्र ते दारातच थबकले.

"ती निखारेवाली बाई सांगे, तुमचे मालक उंबऱ्यात येऊन वापस गेले..." कौशल्याबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "काहून जी? चाला ना. तुमचं पान थंडं होऊन राहिलं..."