चकलीचा शंख कोण कुरतडतंय?

जुईचा संशय पहिल्या दिवसापासून खटपट्यावरच होता. दुसरं कोण असणार? आई तर काचेच्या टाकीकडे ढुंकूनही बघत नसे. आणि टाकीतली चकली, म्हणजे जुईची लाडकी पाण्यातली गोगलगाय, स्वतःचाच शंख कशाला कुरतडेल? पण शंख झिजत होता खरा. टोक पांढरं पडलं होतं, खड्डे पडले होते, आणि आज तर तिथे बारीक भोक दिसलं. चकली मरणार की काय!

खटपट्या हा घरचा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). दोन आठवड्यांपूर्वी जुईने त्याला रंगेहाथ पकडलं होतं. पठ्ठ्या टाकीत पांढरी पूड टाकत होता! तिने तिथल्या तिथे फर्मावलं, "टाकीजवळ फिरकायचं नाही. आणि टाकीबद्दल चकार शब्द काढायचा नाही!" तेव्हापासून तो गप्प होता, आणि तो गप्प राहिला म्हणून जुईला जास्तच लबाड वाटू लागला. शेवटी तिने हट्ट करून आईला तक्रार करायला लावली. आज पाच वाजता कारखान्याची गाडी येणार होती. खटपट्याची स्मृती पुसून त्याला दुसऱ्या घरी धाडणार होते.

चार वाजता सुलभाआत्या आली. ती लातूरच्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची. जुईने पिठाच्या डब्यामागे सापडलेली पुडी तिच्यापुढे आपटली. "हे घे, विष! त्यानेच लपवलं होतं."

आत्याने चिमूटभर पूड वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओतलं. फस्सकन बुडबुडे आले.

"बघ, बघ!" जुई ओरडली.

"विष कसलं डोंबलाचं! अंड्याची टरफलं आहेत ही, दळलेली. टरफल काय आणि शंख काय, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे (चुनखडीत असतो तोच पदार्थ). आता सांग, पूड बंद केल्यावर शंख सुधारला?"

जुईने टाकीत डोकावून पाहिलं. "नाही गं. उलट जास्तच झिजला."

"मग चोर दुसराच आहे. टाकीत पाणी कुठलं घालतेस?"

"हवेचं! यंत्राच्या पहिल्याच नळीतून भरते. एकदम शुद्ध!" जुई तोऱ्यात म्हणाली. दिवाळीत गच्चीवर हवेतली वाफ थंड करून पाणी काढणारं यंत्र बसलं होतं. तेव्हापासून भांड्यांवर पांढरा थर धरणारं बोअरचं पाणी तिने चकलीला शिवू दिलं नव्हतं.

"तिथेच घोळ झाला बाई," आत्या म्हणाली. "बोअरचं पाणी खडकांतून मुरताना क्षार (विरघळलेली खनिजं) घेऊन येतं. तो पांढरा थर त्यांचाच. त्यातलं कॅल्शियम शोषून गोगलगाय शंख बांधते. हवेच्या पाण्यात क्षार नसतात. आपल्या प्यायच्या पाण्यात यंत्र ते मागाहून मिसळतं, पण तू बादली थेट त्याआधीच्या, पहिल्याच नळीखाली धरतेस. त्या पाण्यात हवेतला आणि चकलीच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते आम्लधर्मी (किंचित आंबट) होतं आणि शंखच विरघळवायला लागतं. टोक सगळ्यात जुनं, म्हणून आधी तेच गेलं."

जुईचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे चकलीचा शंख तिनेच, लाडालाडाने, झिजवला होता. ती खटपट्याकडे वळली. "अरे, मग सांगितलं का नाहीस? बोल ना! मी हुकूम मागे घेते."

"बोलायची बंदी होती," खटपट्या म्हणाला. "म्हणून रोज ओट्यावर टरफलं वाळत घालायचो. वाटायचं, कधीतरी तू विचारशील."

जुईला रडूच कोसळलं. तेवढ्यात घंटा वाजली. दारात कारखान्याचे काका उभे होते.

"काका, याला नेऊ नका," ती हुंदके देत म्हणाली.

"पण तक्रार आहे ना? मी काय लिहू मग?"

"लिहा, यंत्र चांगलं आहे. चूक जुईची होती."

काकांनी आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली, आणि गाडी रिकामीच गेली.

त्याच संध्याकाळी खटपट्याने टाकीत थोडं बोअरचं पाणी मिसळलं, जुईने चिमूटभर पूड सोडली. झिजलेलं टोक पहिल्यासारखं होणार नाही, पण चकली आतून थर देऊन भोक बुजवेल आणि नवी वाढ शंखाच्या तोंडाशी होईल, असं आत्याने सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी तिथे खरंच एक सोनेरी पट्टी दिसली. गुळगुळीत, एकही खड्डा नाही!

"आत्या, चंद्रावर वस्ती झाली तर तिथे गोगलगायी पाळता येतील?" जुईने फोनवर विचारलं.

"आधी तिथलं पाणी तपासावं लागेल. येशील मदतीला?"

"येईन," जुई म्हणाली, "पण खटपट्या बरोबर असेल तरच."