सगळ्यात मजबूत बांध

"माह्या नवऱ्याले सोडवा, बाबू! माह्या भावाले त्यानं नाही मारलं!" अनुसयाबाईंनी गोंदियातले खासगी तपासनीस घनश्याम यांच्या पायरीवरच बसकण मारली.

१९०८ चा आषाढ. सडक अर्जुनीजवळच्या दगडखाणीत भर दुपारी बारूदकोठीवर वीज पडली. स्फोटाची झळ बाहेर जाऊ नये म्हणून कोठीभोवती चारी बाजूंनी मातीचा उंच बांध होता. तीन बाजू टिकल्या. चौथी फुटली, तिच्यातले दगड सुटले आणि मागच्या झोपडीतला चौकीदार बकाराम, बाईंचा भाऊ, ठेचून मेला. अहो, बारूदाच्या बांधात दगड कोण घालतं? तोच तोफेचा गोळा होतो! बांधणारा मंगरू, बाईंचा नवरा, "मीच घातले" म्हणाला आणि कोठडीत गेला.

"त्या बाजूचा बांध तं सगळ्यात मजबूत होता," बाई रडत म्हणाल्या.

घनश्याम आणि त्यांचा सोबती हिरालाल खाणीवर पोचले. बांधाच्या प्रत्येक बाजूची माती तिच्याच लगतच्या खड्ड्यातून काढली होती. माती खणताना खोली मोजायला खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब न खोदता सोडतात. तीन खड्ड्यांतले खांब कमरेइतके होते. झोपडीकडचा जेमतेम गुडघ्याला.

"म्हणजे इथली माती कमीच निघाली," घनश्याम म्हणाले.

"मग मुनशीनंच घाईत दगड भरले!" हिरालाल ओरडला.

खाणीचा हिशेब आणि मजूर सांभाळणारा मुनशी छोटेलाल भडकला. "मैं क्यों भरूँगा? माझी खाटही त्याच झोपडीत होती! मंगरू आणि सगळे मरद पाच दिवस नांगरणीला गेले होते. ती बाजू बायकांनी भरली."

कोठडीत घनश्यामांनी विचारलं, "दगड कुठले, मंगरू?"

"खाणीतले."

"साफ खोटं. ते नाल्यातले गोल गोटे आहेत."

मंगरूनं मान खाली घातली. "मले जाऊ द्या फासावर, बाबू. कायले खोदून राहिले तुमी?"

दुसऱ्या दिवशी फुटक्या बांधापाशी अनुसयाबाई उभ्या होत्या. घनश्यामांना बोलणं जड गेलं.

"मंगरू इथं नव्हता. गोटे कुठले, तेही त्याला ठाऊक नाही. बाई, हीच बाजू सगळ्यात मजबूत, हे तुम्हाला कसं कळलं?"

"आमीच तं भरली ना! धानाचा बांध पाण्यानं फुटते तिथं गोटेच घालतो आमी. बकाराम मागंच झोपते, म्हणून मीच बायकांले म्हटलं, इथं जास्त..."

त्यांची नजर पायाशी विखुरलेल्या गोट्यांवर गेली.

"बारूदाला ते चालत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही," घनश्याम हळू म्हणाले. "मंगरूला स्फोटानंतर उमगलं. तुम्हाला कळू नये म्हणून त्यानं गुन्हा अंगावर घेतला."

"अरे बाप्पा," हिरालाल पुटपुटला.

तो गुन्हा नव्हे, चूक होती, हे पोलिसांच्या साहेबांना पटलं. संध्याकाळी मंगरू सुटून आला तेव्हा बाई झोपडीच्या जागेवरचे गोटे टोपलीत भरत होत्या.

"घरी चाल," तो म्हणाला.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मी हे नाल्यात टाकून येतो."