विस्तव मागायला आलेली

वेणूचे पाय रात्री गार का पडतात, या एका काळजीनं त्या हिवाळ्यात माझी झोप उडवली होती. पोर चार वर्षांची, दिवसभर गावभर उनाडणारी, खाऊनपिऊन ठणठणीत. पण रात्री तिच्या पांघरुणात हात घालावा, तर तळपाय जणू ओढ्यातून उचलून आणलेले गोटे. मग मी ते पोटाशी धरून बसायचे. रक्त हृदयापासून निघतं आणि पायांशी पोचायला त्याला सगळ्यात लांबचा पल्ला, हे मी शाळेत शिकले होते. शिकले होते, तरी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे. अजूनही झोपेत माझा हात पायथ्याशी चाचपत जातो.

हे विंझरच्या शाळेवर मास्तर. मी भोरची, मराठी सातवी झालेली. त्यामुळे गावात मला फार कळतं असा लोकांचा समज होता, आणि खरं सांगायचं तर माझाही. लढाईचे दिवस होते. रॉकेल रेशनवर, काडेपेटी औषधाला मिळेना. चूल विझली की बायका खापरी घेऊन शेजारी जायच्या. दोन निखारे, वर चिमूटभर राख, की झालं. विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे.

मग गावात ती गोष्ट आली.

मला ती शेजारच्या अंबूबाईंनी सांगितली, पावटे सोलता सोलता. "आवं मास्तरीणबाई, दिवं लागायच्या वक्ताला येती. हिरवं लुगडं, पदर पार म्होरं वडलेला. तोंड न्हाई दिसत. 'वाईच इस्तू द्या' म्हनती. दिला, की गुमान जाती. दुसऱ्या दिशी त्याच वक्ताला परत येती... आन् घरातल्या ल्हान पोराची ऊब घिऊन जाती. आदी पाय गार पडत्यात."

पाय म्हटल्यावर माझ्या हातातला पावटा खाली पडला.

"कुणाकडे झालं हे?"

"कामथडीला. ठकुबाई हाय एक, तिचं पोर."

"तुम्ही पाहिलंत?"

"म्या कशाला बगू? माज्या जावंच्या भनीनं सांगितलं. ती काय खोटं बोलंल व्हय?"

सांगताना अंबूबाईंचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला होता. कुणी नवी बाई ओसरीवर आली की त्या गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या, आणि ऐकलेल्या बायकाही हटकून थांबायच्या. त्या तोंड न दिसण्याच्या जागेला सगळ्या एकदम पुढं सरकायच्या. भीती वाटायची, पण ती हवीशी वाटायची. दिवसभर शेण, भाकरी, पाणी यांत एवढं एकच काहीतरी घडत होतं. मीही सरकायचे. आणि गोष्ट संपली की घरी जाताना प्रत्येकीच्या डोक्यात तेच: आता दिवेलागणीला दार लावायचं. विस्तवही वाचला, पोर राखल्याचं पुण्यही लागलं. नाही म्हणायला इतकं सोयीचं कारण गावाला कधी मिळालं नव्हतं.

त्याची किंमत साळूबाईला पडली.

साळूबाई म्हणजे गावाच्या टोकाला झोपडीत राहणारी विधवा म्हातारी. लेक बाळंतपणात गेली, तिचं तान्हं पोर मागं ठेवून. म्हातारी दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायची, पोराला झाडाला झोळी बांधून. परत येईपर्यंत चुलीतली राख थंड. मग खापरी घेऊन निघायची, आणि ती नेमकी दिवेलागणीला. एक दार, दुसरं दार... सगळी बंद. कुणी तर आतून विचारायचं, "लुगडं कंच्या रंगाचं हाय गं?" आणि हशा पिकायचा.

एका संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. "बाई, तुमी तरी द्या. पोरगं रातभर कुडकुडतंय."

मी दिला. पण कसा, तर पटकन, हात लांब करून, आणि ती वळल्यावर उंबऱ्यावर पाणी शिंपडून. दुसऱ्या दिवशी दिवेलागण होईपर्यंत मी वेणूला मांडीवरून उतरू दिलं नाही. काही झालं नाही. तरी नंतर ती आली तेव्हा मी म्हणाले, "साळूबाई, ही गोष्ट खोटी आहे. मी कामथडीला जाऊन मुळाशीच जाते. मग सगळ्यांसमोर तुला विस्तव देते, म्हणजे तुझं दारोदार फिरणं सुटेल."

तिनं रिकामी खापरी पुढं केली. "मग आज?"

"आजच्या दिवस सोस."

एक निखारा द्यायचा सोडून मी पुरावा आणायला निघाले. असं आमचं शिक्षण.

निघताना वेणूला समोर बसवून सांगितलं, "अशी कुणी बाई नसते हं. लोक उगीच भिववतात. कुणी विस्तव मागितला तर द्यायचा असतो."

"मग तू का नाही देत?" वेणू म्हणाली.

मी तिची वेणी घालायला घेतली.

भोरला वडिलांनी रॉकेलची एक बाटली जपून ठेवली होती, ती आणायची हे निमित्त. गावातल्या सोनबाची बैलगाडी नसरापूरकडं निघाली होती. त्यानं मला कामथडीत उतरवलं. ठकुबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. ती अंगणात धुणं वाळत घालत होती, आणि आजूबाजूला तिची सगळी पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली.

मी चाचरत विचारलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माजं पोर मेलं? कोन सटवी म्हनती? नावं सांगा, झिंज्या उपटते तिच्या! ही बगा समदी धड हायेत, हाणून हाणून हात दुकत्यात माजं."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. सुटले, असं वाटलं. मी निघणार, तोच ठकुबाईनं आवाज खाली आणला. "हितं न्हाई झालं ते, बाई. भोरात झालं. बसा की, सांगते..." आणि पोरांना हाकलून तिनं ती सगळी गोष्ट मला सांगितली. अंबूबाईंपेक्षा चांगली सांगितली. तिच्या गोष्टीत त्या बाईच्या खापरीवर दवाचे थेंब होते.

तिथून कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं, धूर खात, भोरला पोचले. वडिलांकडं मुक्काम केला. सकाळी बांगड्या भरायला खुर्शिदा मणेरणीकडं गेले. म्हातारीकडं अख्ख्या गावाच्या बायका येतात. भोरात काही घडलं आणि तिला माहीत नाही असं होत नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिनं मला ओळखलं नाही, हे बरंच होतं.

माझा हात दाबून मऊ करता करता ती म्हणाली, "विस्तववाली ना? भोरात कुठं? विंझरला झालं ते."

"विंझरला कुणाकडे?"

"मास्तराच्या घरी. बायको लई शिकलेली. तिला पटंना. गावोगाव इचारत फिरली म्हनं, खोटं हाय हे दाखवायला. परत आली, आन् घरातनंच इस्तू गेला. दुसऱ्या दिशी..." तिनं बांगडी मनगटावर चढवली. "हात सैल सोडा. असा ताठ धरला तर कसं व्हायचं?"

"कधी झालं हे?"

"झालं आसंल की म्हयना दोन म्हयनं."

मी तर काल निघाले होते.

"मग त्या मुलीचं काय झालं?" माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

खुर्शिदा थांबली. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मुलगी व्हती म्हनून म्या कुठं म्हनलं?" मग हसली. "म्हंजे तुमीबी ऐकलीया की गोष्ट!"

बांगडी तिच्या बोटांत तडकली. "वाढली," ती म्हणाली, आणि दुसरी काढली.

परतीच्या वाटेवर मी स्वतःला सगळं समजावलं. गोष्ट नेहमी पुढच्या गावात घडते. प्रत्येक गावाला पुढचं गाव असतं. फिरत फिरत कुठल्यातरी मास्तराच्या घरी ती येणारच. गावोगाव विचारणारी शिकलेली बाई, हीही अशा गोष्टीत असायचीच, नाहीतर ऐकणाऱ्याला पटणार कसं? मी इतकं सुरेख समजावलं, की माझ्या वर्गात मी पहिली आले असते. नसरापूरहून परतणारी सोनबाची गाडी विंझरच्या वेशीशी आली तेव्हा दिवे लागत होते, आणि मी गाडीतून उतरून पळत होते.

वेणू चुलीपाशी बसून लाकडाच्या ढलप्यांचं घर बांधत होती. हे चावडीवर गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवायला गेले होते. मी तिला उचललं, पाय चाचपले. ऊन होते. पुढचं दार लावलं, कडी घातली, आणि तेवढ्यात...

"बाई... आलाव का?"

साळूबाईचाच आवाज. मी फटीतून पाहिलंही. तेच विटकं तांबडं लुगडं, तीच खापरी. काही म्हणजे काही शंका नव्हती.

"सोनबाची गाडी बगितली म्या. वाईच इस्तू द्या. समद्यांसमूर नगं, असाच द्या."

मी कडी पुन्हा चाचपून बघितली.

"बाई, पोरगं गार पडतंय... हाताला लागतंय. दुसरं दार न्हाई राह्यलं."

"उद्या ये," मी म्हणाले. "सकाळी उजाडताच ये."

"उद्याचं काय करू..."

"उद्या ये म्हटलं ना!"

ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, कुत्रं दाराशी कण्हतं तशी. मला ते ऐकवेना. मी माजघरात जाऊन देवासमोर बसले, कानांत बोटं घातली, आणि देवाचं काही आठवेना म्हणून एकोणतिसाचा पाढा मोठ्यानं म्हणायला लागले. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. बोटं काढली तेव्हा बाहेर शांत होतं. स्वयंपाकघरात वेणू ढलप्यांच्या घराला दार बसवत होती. रात्रभर तिचे पाय माझ्या पोटाशी होते, आणि त्या रात्री, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, ते जराही गार पडले नाहीत.

सकाळी अंबूबाई ओरडत आल्या. साळूबाईचा नातू पहाटे गेला होता.

मी वेणूला कडेवर घेऊन गेले. झोपडीत बायका दाटल्या होत्या. साळूबाई पोराला पदरात घेऊन चुलीपुढं बसली होती. चुलीत ओली, काळी राख. एक ठिणगी तिथं कित्येक दिवसांत पडली नसेल. मला बघून ती उठू लागली, मास्तरीणबाई आल्या म्हणून.

"तुमचं काय चुकलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "लेकीची आई हायसा."

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "समद्या गावानं दारं लावली, मग तिनं साळूचंच घर धरलं." अंबूबाई माझा दंड धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "बगा, मास्तरीणबाईंनीसुदिक दिला न्हाई! यवढ्या शिकलेल्या, गावं पालथी घातली, आन् शेवटाला दार लावलं. म्हंजे खरंच आसनार की!" बायकांनी माझ्याकडं बघून माना डोलावल्या. एकीनं तर वेणूवरून कडाकडा बोटं मोडली, पोर वाचली म्हणून. मी खोटी पाडायला निघाले होते ती गोष्ट. आता तिचा पुरावा मीच होते.

घरी हे म्हणाले, "थंडीनं गेलं ते पोर. छातीत कफ झाला असेल. सगळं अज्ञान." मी हो म्हणाले. यांना मी आदल्या संध्याकाळचं काही सांगितलं नव्हतं.

दुपारी चूल पेटवायला बसले. निखारा सारायला चिमटा घ्यावा, तर खुंटीवर नाही. फडताळात नाही, परसात नाही, लाकडांमागं नाही.

"वेणू, चिमटा खेळायला घेतलास का गं?"

"नाही," वेणू म्हणाली. "तिनं नेला."

"कुणी?"

"काल विस्तव मागायला आली ना, तिनं. तू पाढे म्हणत होतीस. मागच्या दाराशी आली. मागितला तर द्यायचा, असं तूच म्हणालीस, मग मी दिला. तिच्याकडे धरायला काही नव्हतं, म्हणून चिमटापण दिला. माझा हात नाही भाजला, बघ."

एक क्षण मला बरं वाटलं. हे मला लिहायची लाज वाटते, पण वाटलं. माझ्या लेकीनं तरी दिला. मग ती ओली, काळी राख डोळ्यांपुढं आली, आणि साळूबाईच्या हातातली खापरी.

"साळूआजीला दिलास ना, वेणू?"

"नाही. साळूआजी रडत रडत गेली. मग ती आली."

मी तिचं पाऊल हातात घेतलं. ऊबदार होतं. इतकं ऊबदार की माझे हात थंड असल्याचं मला तेव्हा कळलं. वेणूनं गुदगुल्या झाल्यासारखं पाऊल ओढून घेतलं आणि मला समजावल्यासारखी म्हणाली,

"अगं, तू नको शोधूस. चिमटा ती आणून देणार आहे. आजच. दिवे लागले की."