जंगूने दिलेला डोळा

देवळीत बसस्टँडच्या मागे अण्णाजींचं सुतारकामाचं दुकान आहे. चौकटी, पाळणे, देवघरं हे तिथलं रोजचं काम, पण अण्णाजींचं नाव झालं ते लाकडी माशांमुळे. शिवणीच्या लाकडाच्या ठोकळ्यातून ते असा रोहू काढायचे की गिऱ्हाईक हात लावून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसे. आता त्यांची नजर गेली होती. दिवाळी झाली की ते लेकीकडे नागपूरला जाणार होते, आणि जाण्याआधी आपल्या पटाश्यांची पेटी दुकानातल्या दोन कारागिरांपैकी एकाला देणार होते. पेटी ज्याची, दुकान त्याचं.

ती पेटी आपलीच, असं गजेंद्र अठरा वर्षं धरून चालला होता. मग चार वर्षांपूर्वी कारंज्याकडच्या एका गावातून जंगू आला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याने माशाचे खवले कोरून दाखवले. अण्णाजींनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वा!" गजेंद्रला अठरा वर्षांत फक्त "बरं हाय" मिळालं होतं. तो "वा" त्याच्या घशात काट्यासारखा अडकून बसला तो बसलाच. त्यातून जंगू वागायला चांगला, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

"दोघंबी एकेक मरळ करा," अण्णाजी म्हणाले. "मी हातानं पाह्यतो."

त्या दुकानाची एक रीत होती. ज्याने मासा घडवला त्याने डोळा कोरायचा नाही, तो दुसऱ्याने कोरायचा. आपल्या कामावर आपणच भाळतो आणि डोळा उगाच मोठा करतो, असं अण्णाजींचं साधं म्हणणं होतं.

तेव्हा पंधरा दिवसांनी जंगूची मरळ गजेंद्रच्या पुढ्यात आली. तिला बघून त्याच्या पोटात अक्षरशः दुखलं. शेपटीला असा बाक होता, की आत्ता वळेल.

मासोळी बाजारात ताजी मासळी कशी ओळखतात हे त्याला ठाऊक होतं. ताजीचा डोळा वर आलेला असतो, शिळीचा आत बसलेला. त्याने बारीक कोरणी घेतली आणि दोन्ही डोळे केसभर आत घेतले. केसभरच. बघणाऱ्याला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जंगूच्या मरळीवर माशा बसल्या.

झाडायला येणाऱ्या शोभाबाईने नाकाला पदर लावला. "कोनी मासोया आनून ठेवल्या काय जी? वास सुटून राह्यला."

जंगूने मरळ धुतली, पुसली, सावलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी तिचा एक खवला गळून पडला. चौथ्या दिवशी गजेंद्रने कोणी नसताना तिच्या पोटावर बोट दाबलं. खळी पडली, आणि ती भरून आली नाही. ते लाकूड त्याने स्वतः तासून दिलं होतं, दोन वर्षं सुकवलेलं. त्याला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीआधी आनंद वाटला.

पारखीच्या दिवशी अण्णाजींनी जंगूची मरळ मांडीवर घेतली. त्यांचा अंगठा डोळ्यापाशी थांबला.

"हे तं मेली हाय. कवा मेली?"

"म्या जित्ती देल्लती, अण्णाजी," जंगू एवढंच म्हणाला. गजेंद्रकडे त्याने एकदाच पाहिलं.

मग गजेंद्रची मरळ आली. अंगठा पाठीवरून, कल्ल्यावरून निघाला. "बरं हाय," अण्णाजी पुटपुटले. अंगठा डोळ्यावर गेला, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"वा! डोया पाह्य. जित्ता हाय."

तो डोळा जंगूचा होता.

पेटी गजेंद्रला मिळाली. जंगूने आपली मरळ दुपट्ट्यात गुंडाळली आणि कारंज्याची गाडी धरली. जाताना म्हणाला, "तुह्या मरळीले डोया म्या मनापासून देल्ला, दादा. त्याले हात नको लावजो."

गजेंद्रने मरळ घरी कपाटावर मांडली. येईल तो बघायचा आणि एकच बोलायचा, "डोळा काय सुंदर जमलाय!" बायको जयासुद्धा तेच म्हणाली. पेटी याची, दुकान याचं, आणि कौतुक अजून जंगूचंच. घरात, स्वतःच्या कपाटावर.

रविवारी सकाळी जया देवळात गेली तेव्हा त्याने मरळ खाली घेतली. पेटीतली सगळ्यात बारीक कोरणी काढली.

डोळा त्याच्याकडे बघत होता.

त्याने उजवा डोळा खरवडला. नवा कोरला, स्वतःचा. कोरणी थोडी आत गेली.

केसभरच.

त्याला काही दुखलं नाही.

जया परत आली तेव्हा तो पोहे खात बसला होता.

"अवो, काऊन असे बसले? आन् ह्यो वास कायचा?"

त्याने मान वर केली. जयाच्या हातातली प्रसादाची वाटी तशीच राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

त्याच्या उजव्या डोळ्यावर, बुबुळाच्या मधोमध, एक माशी बसली होती. ती पाय चोळत होती. तो जयाकडे बघत राहिला, आणि त्याची पापणी काही लवली नाही.