पेंढ्याचं पारडू

हे खरं घडलंय. मी तुळशीराम, गावातला नंबर एकचा टवाळ, म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही. पण १९४१ सालचा मार्च, रविवारची भर दुपार, राई गाव, हौसावहिनीचं अंगण. जाऊन विचारा कुणालाही.

पुतण्या कमळाकर परळला गुरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. परीक्षा आठ दिवसांवर. पास झाला तर आमच्या खाडीकाठचा पहिला गुरांचा डॉक्टर. त्याची आई, आमची हौसावहिनी, त्या एका आशेवर जगत होती.

मला राहवेना. पैज लावली.

"डोळे बांधून, हात न लावता, नुसत्या ठोके ऐकायच्या नळीनं जनावर वळख. जिंकलास तर माझी अर्धी मिशी चौकात काढीन."

"आन् हरलो तं?"

"तं महिनाभर आळीतली शेणं तू काढायची, डाक्टरसाहेब."

शेजारचा इग्नेशियस पंच झाला.

कमळाकरनं म्हैस ओळखली. बैल ओळखला. शेळी तर हसत हसत.

मग मी डाव टाकला.

वहिनीच्या म्हशीचं पारडू महिन्यापूर्वी मेलेलं. पारडू समोर नसलं तर म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून त्याच्याच कातड्यात पेंढा भरून, शिवून उभं केलेलं.

मी नळी त्याच्यावर टेकवली. इग्नेशियसनं तोंडात रुमाल कोंबला.

कमळाकर ऐकत राहिला...

पारड्यावरच्या माशा उठून गेल्या.

म्हशीनं रवंथ थांबवला...

"पारडू हाय," तो म्हणाला. "ठोके लई बारीक. काका, ह्ये जगनार न्हाय."

आम्ही खो खो हसलो. त्याची पट्टी काढली. त्यानं पेंढा पाहिला, पण हसला नाही.

"तुमी ऐका."

मी नळी कानाला लावली. बराच वेळ काहीच नाही.

मग एक ठोका...

आणि संपलं.

त्या संध्याकाळी म्हशीनं पारड्याकडे बघितलंसुद्धा नाही. पान्हा सोडला नाही. नंतर कधीच नाही.

इग्नेशियस म्हणाला, "जनावर बरोबर वळखलान. तुलश्या, तू हारला."

"परीक्षा होऊ दे, मग काढतो मिशी," मी म्हटलं.

कमळाकर परीक्षेवरून पहिल्याच दिवशी परत आला. परीक्षकानं घोड्यासमोर उभं केलं, ठोके विचारले. याला सांगता येईनात. मग बैल दिला. तेच.

"आयकू काय आला रं तुला?" वहिनीनं विचारलं.

"आये, आत पेंढा सरकतोय. समद्यांच्यात."

वहिनी चुलीकडे वळली. चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि विझवली.

पोराला जरा हसवू म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकात न्हाव्यासमोर बसलो. सगळा गाव गोळा. उजवी बाजू साफ झाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी पण माकडतोंड करून दाखवलं.

कमळाकर गर्दीतून पुढे आला. नळी गळ्यात. कुणाला काही न विचारता ती माझ्या छातीवर ठेवली.

ऐकलं...

"काय, डाक्टर? जिता हाय ना मी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तसंच, जसं त्या पारड्याकडे पाहिलं होतं. नळी गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली आणि मिठागराच्या वाटेला लागला.

हसणं थांबलं.

"तुळशीराम, हलू नको, वस्तरा हाय," न्हावी म्हणाला.

मी हललो नव्हतो.

आत काहीतरी सरकलं होतं.