फुगा दाबणारी बाई

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. ही गोष्ट मी बिंदूच्या तोंडून ऐकली आहे आणि बिंदू माझ्या धाकट्या जावेची मुलगी. थापा मारणं तिला जमत नाही. भाजी खारट झाली तर पाहुण्यांसमोर तसं सांगणारी पोरगी आहे ती.

आणि हो... ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

दोन वर्षांपूर्वी, बतुकम्माच्या, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाच्या, शेवटच्या दिवशी घडलेली. गोदावरीकाठचं एक सरकारी रुग्णालय. नाव सांगणार नाही, तिथे आजही माणसं बरी व्हायला जातात. हिमबिंदू, म्हणजे आमची बिंदू, नुकतीच डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन तिथे काम शिकायला लागली होती. सण होता. अर्धे लोक रजेवर, आणि उरलेल्यांचं लक्ष घरच्या फुलांकडे.

उजाडता उजाडता ऐलय्या नावाचा एक तरुण आपल्या बायकोला रिक्षातून घेऊन आला.

तिचं नाव सारक्का. कापूस वेचायला जाणारी, विशीतली पोर. रात्री जमिनीवर झोपली होती. पहाटे पोटात दुखायला लागलं. मग पापण्या मिटायला लागल्या. मग जीभ जड झाली. अंगावर दंशाची खूण मात्र कुठेच नव्हती.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी, यादगिरी सरांनी, एकदाच पाहिलं.

"मण्यार," ते म्हणाले. "झोपेत चावते. खूणसुद्धा ठेवत नाही."

औषध सुरू झालं. घशात नळी गेली. पण सारक्काचा श्वास बंद पडला होता, आणि श्वास देणारं एकुलतं एक मशीन दुसऱ्या रुग्णाला लावलेलं. ते मोकळं होणार संध्याकाळी. तोवर नळीला रबरी फुगा लावून हातानेच श्वास द्यायचा. दाबला की श्वास आत, सोडला की बाहेर. हात थांबला की सारक्का गेली.

"डॉक्टरम्मा, इकडे ये," सरांनी बिंदूला हाक मारली. "पुस्तकात काय लिहिलंय ते राहू दे. फुग्याकडे बघत बसू नकोस, छातीकडे बघ. छाती उचलली की सोड. हा काय सायकलचा पंप नाही जोर लावायला."

"हो सर."

"आणि इथे उभं राहून भलतंसलतं बोलायचं नाही. मेल्यासारखी दिसते ना? पण मण्यारीच्या पेशंटला सगळं ऐकू येत असतं. पापणी उचलता येत नाही, एवढंच."

बिंदूच्या अंगावर काटा आला. ती नकळत सारक्कापासून एक पाऊल मागे सरकली.

जाता जाता सर दारात थांबले. "फुगा कुणाच्या हातात द्यायची वेळ आली, तर आधी विचार. तू हिची कोण, नाव काय."

"त्यात काय विचारायचं सर? उशाशी उभा असतो तो घरचाच."

"विचारायचं," सर म्हणाले. एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते शस्त्रक्रियेला निघून गेले.

बिंदूने शिकवलं तसा ऐलय्या दुपारपर्यंत फुगा दाबत राहिला. त्याच्या बोटांना वळ आले, पेटके आले. शेवटी बिंदूनेच त्याच्या हातातून फुगा काढून घेतला.

"जा, दोन घास खाऊन ये. तूही आडवा झालास तर मी कुणाकुणाला बघू?"

तो गेला. बिंदू दाबू लागली.

फुस्स... फुस्स...

तेवढ्यात वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला आरडाओरडा झाला. एका म्हाताऱ्याला झटके यायला लागले होते. सिस्टर एकटीच त्याला धरून ओरडत होती. "डॉक्टर! लवकर या!"

बिंदूचे हात फुग्यावर. सोडला तर ही मरते. नाही गेली तर तो मरतो.

तिने मान वळवली...

उशाशी एक बाई उभी होती.

विटकी हिरवी साडी. केस मोकळे. दोन्ही हात आधीच पुढे केलेले.

"अम्मा, धर, धर! असं दाब. छाती उचलली की—"

बाईने फुगा घेतला होता. शिकवायची गरजच पडली नाही. बिंदूच्या जिवात जीव आला आणि ती धावली.

नाव विचारलं नाही.

म्हातारा आटोक्यात यायला बराच वेळ लागला. बिंदू परत आली तेव्हा वीज गेलेली होती. पंखे बंद. वॉर्डात नुसता उकाडा. बाई तशीच उभी राहून फुगा दाबत होती. एकसारखी. न चुकता.

फुस्स... फुस्स...

बिंदूच्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या. बाईचा चेहरा मात्र कोरडा ठणठणीत.

"दमली असशील अम्मा. दे इकडे."

बाईने नुसती मान हलवली. नाही.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी अव्वा सकाळपासून प्रत्येकाला हाक मारून बोलणारी. ती आता भिंतीकडे तोंड करून पडली होती. पदराचा बोळा तोंडात घालून.

बिंदूला ते दिसलं, पण तिने लक्ष दिलं नाही. ती खाली वाकली, सारक्काचं मनगट धरलं आणि डोळे मिटून नाडी मोजू लागली. नाडी छान लागत होती. कानावर तोच आवाज.

फुस्स... फुस्स...

"मॅडम..." मागून ऐलय्याचा आवाज आला. घाबरलेला. "मॅडम, फुगा खाली का पडलाय?"

बिंदूने डोळे उघडले.

उशाशी कुणी नव्हतं.

फुगा खाटेखाली पडला होता. नळीचं तोंड उघडं होतं.

आणि सारक्काची छाती... वर येत होती. खाली जात होती.

आवाजही येतच होता.

बिंदूची बोबडी वळली. कसाबसा तिने फुगा उचलला, नळीला जोडला आणि दाबला. दाबला जाईना! आतून कुणीतरी आधीच श्वास भरत होतं, त्यात हिचा श्वास शिरायला जागाच नव्हती. "सोड... मी आलेय, सोड ना ग..." ती रडत रडत म्हणाली.

तेव्हा कुठे फुगा दबला.

"ती तुमची बाई कुठे गेली?" तिने ऐलय्याला विचारलं.

"कोण बाई? आम्ही दोघंच आलोय मॅडम. घरात तिसरं माणूस नाही आमच्या."

संध्याकाळी मशीन मिळालं. चौथ्या दिवशी सारक्काच्या घशातली नळी निघाली. डोळे उघडे, तोंडाला चव आलेली, आंबट डाळभात मागत होती. सगळा वॉर्ड खूश. बिंदू तिच्याजवळ बसली तेव्हा सारक्का खरखरत्या आवाजात म्हणाली, "अक्का, मला सगळं ऐकू येत होतं."

"ती... ती बाई काही बोलली?"

"कानाशी बोलत होती. म्हणाली, माझं लेकरू याच खाटेवर होतं. दोन रात्री फुगा दाबला मी. तिसऱ्या रात्री माझा डोळा लागला. या वेळी नाही लागू देणार."

बिंदूला भीतीही वाटली आणि त्या बाईची दयाही आली. "जाऊ दे. आता तू बरी झालीस. तुझा तू श्वास घेतेस."

सारक्काने मान हलवली.

"नाही अक्का. मी नाही घेत."

"म्हणजे?"

सारक्काने तोंड घट्ट मिटलं. दोन बोटांनी नाक दाबून धरलं.

तिची छाती वर आली... खाली गेली...

वर आली... खाली गेली...

बिंदू खुर्चीवरून उठली ती भिंतीला जाऊन टेकली.

यादगिरी सरांनी सारक्काला पुन्हा तपासलं. सगळं उत्तम. त्यांनी घरी सोडायच्या कागदावर सही केली. बिंदूने जे सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, पण मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही.

ऐलय्या अजून अधूनमधून फोन करतो. सारक्का ठणठणीत आहे, कापसाला जाते, पाचवा महिना लागलाय. "तुमच्यामुळे वाचली मॅडम," म्हणतो. बिंदू सारक्काची तब्येत विचारते आणि फोन ठेवते. त्या बिचाऱ्याला काय सांगणार?

परवा बिंदू माझ्याकडे, म्हणजे तिच्या मोठ्या काकूकडे, जेवायला आली होती. ताटावर बसली, पण घास उतरत नव्हता. म्हणाली, "पेद्दम्मा, मला त्या बाईची भीती नाही वाटत. दोन वर्षं झाली, ती बिचारी एकटी जागी आहे."

मग हळूच म्हणाली...

"भीती वाटते ती तिचा पुन्हा डोळा लागेल याची."