कालचं सेशन

सोमवारी सकाळी वारासिवनीतल्या शेअर-क्लासचं दार उघडलं, तेव्हा फकिरा सर खुर्चीत कान पकडून बसले होते. विद्यार्थ्यांना वाटलं, आज काहीतरी नवीन शिकवणार. दोघं जण तर पुढच्या बाकावर जाऊन बसलेसुद्धा.

मग त्यातल्या श्रुतिकाला सरांच्या गळ्याभोवती चार्जरची वायर दिसली. हात कानांना चिकटपट्टीनं चिकटवलेले होते.

उपनिरीक्षक संघमित्रा मेश्राम राइस मिलवरच्या त्या खोलीत पोचली, तोवर ठाणेदारांनी गुन्हेगार ठरवूनही टाकला होता: सरांची बायको पुष्पलता. हिशेब साधा होता. रविवारी दिवेलागणीला सरांच्या नंबरवरून क्लासच्या ग्रुपवर मेसेज आला, म्हणजे तोवर सर जिवंत. त्यानंतर जिना चढताना मिलच्या चौकीदाराला एकटी पुष्पलताच दिसली, हातात डबा घेऊन. डॉक्टरांना मरणाची वेळ विचारली, तर ते म्हणाले, रविवार. संध्याकाळपर्यंत बाईला बालाघाटच्या जेलात पोचवू, ठाणेदार म्हणाले. तोवर संघमित्रानं हवी तर चौकशी करून घ्यावी.

पुष्पलता ठाण्याच्या बाकावर पदर आवळून बसली होती.

"वर गेलात तेव्हा काय झालं?"

"दार वाजवलं. आवाज नाई आला. डबा दारापाशी ठेवला न् घरी गेली."

"हाक नाही मारली?"

"क्लासमंधी हाक मारलेली त्याहिले चालत नोती. घरी येऊन ताट फेकत."

नवऱ्याबद्दल तिनं पुढं काही विचारलं नाही. मोहितनं काही खाल्लं का, एवढंच विचारलं. मोहित तिचा एकुलता एक मुलगा.

क्लासची रीत श्रुतिकानं समजावून सांगितली. कोणता शेअर चढला, कोणता पडला, हे स्क्रीनर नावाचा प्रोग्रॅम चाळून देतो. पण आधी दिवस, म्हणजे सेशन, निवडून द्यावं लागतं. सेशन चुकलं की सगळा कोंडा. जो चुकेल त्यानं सगळ्यांसमोर कान धरून उभं राहायचं. मोहित रोज उभा राहायचा. तो हिंदी शाळेत शिकलेला, वय तिशीचं, मिशा होत्या. 'या गाढवाले मराठी बी समजत नाई न् बाजार बी नाई,' असं सर म्हणत, आणि क्लास हसे. मागच्या आठवड्यात तर सरांनी जाहीर करून टाकलं होतं, की त्यांच्यामागं क्लास श्रुतिका चालवेल आणि मोहित झाडू मारेल. तेव्हाही सगळे हसले. श्रुतिकाही हसली होती. हे सांगताना तिला अवघडल्यासारखं झालं नाही.

संघमित्रानं तो मेसेज मागितला. तो असा होता: 'स्क्रीनरमंधी कालचं सेशन लावून ठेवा.'

"मग तुम्ही काय लावलं?"

"शनिवार. समद्याहीनं शनिवारच लावला. यादी कोरी आली. शनिवारी बाजार बंद असते ना मॅडम. आमाले वाटलं, सरांची काई चाल असंल."

मोहित रविवारी दुपारीच कटंगीला गेला होता, दोस्ताच्या लग्नाला. नवरदेवाचे लहानपणचे फोटो भिंतीवर दाखवायचे म्हणून क्लासचा लॅपटॉपही त्यानं सोबत नेला होता. कटंगीतल्या पाऊणशे वऱ्हाड्यांनी त्याला संध्याकाळभर पाहिलं होतं. नाचताना.

संघमित्रानं लॅपटॉप उघडला. सरांच्या नंबरवरून क्लासचा ग्रुप त्यावर उघडाच होता. शेजारी स्क्रीनर होता. सेशन: सोमवार.

"हे मेसेज वाचून लावलं?" तिनं मोहितला विचारलं.

"हौ मॅडम. जैसा लिहिलं, वैसा लावलं."

दुपारी तिनं सगळ्यांना क्लासमध्ये बोलावलं. पुष्पलतालाही आणलं. ठाणेदार रिकाम्या खुर्चीत बसायला गेले, कुणाची ते आठवलं, आणि उभेच राहिले.

"मोहित," संघमित्रानं मायेनं विचारलं, "पोस्टमार्टम झालं की बॉडी मिळेल. माती कधी देणार?"

"काल सकाळी देऊन टाकू, मॅडम."

क्लास हसला. सवयीनं. मग एकेक जण मोहितकडे वळून पाहू लागला.

"हिंदीत मागचा दिवसही कल आणि पुढचा दिवसही कल," संघमित्रा म्हणाली. "मराठीत काल म्हणजे फक्त मागचा. मेसेज रविवारी आला. शनिवारी बाजार बंद असतो हे जन्मभर शिकवणारा माणूस शनिवारचं सेशन लावायला सांगेल? लिहिणाऱ्याला सोमवार म्हणायचं होतं. श्रुतिकासकट सगळ्यांनी त्याचा शनिवार केला. सोमवार एकट्यानंच लावला."

ती मोहितसमोर जाऊन थांबली.

"दुपारी तू वडलांना मारलंस. त्यांचा ग्रुप लॅपटॉपवर उघडा होताच. कटंगीतून, नाचता नाचता, मेसेज टाकलास, म्हणजे संध्याकाळी ते जिवंत होते असं वाटावं. तुझ्यामागं डबा घेऊन कोण येणार, हे लक्षात नव्हतं?"

मोहितनं आईकडे पाहिलं नाही.

"कान धरायची रीत मी नाई काढली," तो म्हणाला. "बस एक बार त्यांचे पकडले."

तेवढ्यात पुष्पलता उठली. मेसेज आपणच टाकला, ती म्हणाली, नवऱ्याच्या मोबाइलवरून, वायरही आपलीच. "न् माह्या तोंडात बी काल म्हंजे पुढचाच दिवस येते, मॅडम. पोरगा माह्यापासूनच शिकला."

ठाणेदारांना हे पटण्याजोगं वाटलं. त्यांची गाडी बालाघाटला जायला तयारच होती.

संघमित्रानं वाद घातला नाही. तिनं मोहितच्या हातात बेड्या घालायला सांगितल्या आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आज त्याला भेटता येणार नाही, बाई."

"मंग उद्या भेटू देसान का?"

"उद्या," संघमित्रानं तिचाच शब्द परत म्हटला. खाली मिल सुरू होती.

पुष्पलतानं लेकाकडे पाहिलं. मग कुणी न सांगता तिनं आपले दोन्ही कान धरले.